पांझराचं कपाट

आमचं प्रकाशा गाव नकाशात शोधायचं असेल, तर आधी तापी नदी शोधा. बऱ्हाणपूरपासून तिच्यावर बोट ठेवून पश्चिमेला सरकत या. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात सातपुड्याकडून उतरलेली गोमाई नदी तापीला येऊन मिळते. त्या संगमावर आमचं गाव. केदारेश्वराचं देऊळ, पुष्पदंतेश्वराचं देऊळ, नदीचे घाट, म्हणून लोक आम्हाला दक्षिण काशी म्हणतात. पण आज मी देवळाबद्दल सांगणार नाही. गावातल्या एका छोट्या वाचनालयात एक संगणक आहे आणि त्यावर अकरा मुलं काम करतात. तो संगणक मी सांभाळतो. गोष्ट त्याची आहे.

एक संगणक आणि अकरा मुलं म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं, ते मला इथे बसून दिसतंय! ‘माझं चित्र कुणी पुसलं?’ ‘माझ्या निबंधात कुणी काड्या केल्या?’ आमच्याकडे ही भांडणं जवळजवळ होत नाहीत. (खुर्चीवरून होतात. त्यावर अजून कुणी उपाय शोधलेला नाही.) कारण आमच्या संगणकावर लिनक्स आहे, आणि कोण कुठे जाऊ शकतो, कोण कशाला हात लावू शकतो, याचा चोख हिशेब लिनक्स ठेवतं.

ही सवय त्याला घराण्यातूनच आली आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स नावाची प्रणाली सुरू झाली. तेव्हा संगणक इतके महाग, की प्रत्येकाला एकेक कुठून देणार? एकाच यंत्राला तारा जोडून अनेक माणसं काम करत. मग ‘हा कागद कुणाचा?’ हे यंत्राला माहीत असायलाच हवं. पुढे १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरातल्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने युनिक्सच्याच धर्तीवर स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. तेच लिनक्स. म्हणजे आमच्या वाचनालयाची अडचण आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या शास्त्रज्ञांची अडचण एकच होती बरं का!

आमच्या प्रत्येक मुलाचं संगणकावर वेगळं खातं आहे. स्वतःचं नाव द्यायचं नाही, असं मुलांनीच ठरवलं. मग एकीने सुचवलं, तापी आणि तिला मिळणाऱ्या नद्यांची नावं घेऊ. तापी, गोमाई, पांझरा, बुराई, गिरणा, बोरी, वाघूर, अनेर... भूगोलही पाठ झाला. (संगणकावर ही नावं आणि पुढे येणाऱ्या आज्ञा रोमन अक्षरांत टाइप कराव्या लागतात. मी इथे त्या आपल्या लिपीत लिहितोय.)

आता एक गंमत. आपण ‘पांझरा’ म्हणतो, पण लिनक्स मनातल्या मनात तिला नावाने ओळखतच नाही. ते ओळखतं क्रमांकाने. आजकालच्या बहुतेक लिनक्सवर माणसांच्या खात्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात. आमची पांझरा होती १००६. सगळ्यांचा मालक, ज्याला ‘रूट’ म्हणतात, त्याचा क्रमांक शून्य. शून्याला सगळी दारं उघडी! प्रत्येक फाइलवर मालक म्हणून असा क्रमांकच चिकटवलेला असतो, नाव फक्त आपल्याला दाखवण्यापुरतं.

हा पांझराचा क्रमांकच आमच्या गोष्टीचं मूळ आहे.

पांझरा म्हणजे बारावीतली एक मुलगी. तिने आपल्या आजीचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून संगणकावर ठेवलं होतं. चौदा तुकडे. तापीवर बंधारा नव्हता तेव्हा उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजांचे वेल कसे लावत, पुरात कोणाचं घर कसं गेलं, आणि लग्नातली गाणी. आजी बोलायची गुजरी बोलीत, मधेच मराठीत. पांझरा ते कुणाला ऐकवत नसे. ‘अजून नीट झालं नाही,’ म्हणायची. त्याच हिवाळ्यात आजी वारल्या. पुढे परीक्षा झाली आणि मुलगी नर्सिंग शिकायला नाशिकला गेली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या मदतीला एक कॉलेजातला मुलगा येत असे. पोरगा मेहनती, फक्त घाईचा. गाव सोडून गेलेल्यांची खाती उगाच कशाला, म्हणून त्याने ती पुसून टाकली. नशीब, खातं पुसलं तरी लिनक्स त्याचा फोल्डर आपण होऊन पुसत नाही. तसं वेगळं सांगावं लागतं, आणि ते त्याने सांगितलं नव्हतं. आजीचे चौदा तुकडे जागेवरच राहिले. फक्त मालकाच्या जागी ‘पांझरा’ऐवजी नुसतं ‘१००६’ दिसू लागलं. आमच्या गावच्या टेकाडावर १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी खापरं मिळाली. कुणीतरी ती वापरली होती एवढं नक्की. पण कुणाची, ते कोण सांगणार? या फाइलींचं तसंच झालं.

जूनमध्ये सहावीतला एक मुलगा नवा आला. त्याला बुराई हे नाव मिळालं. लिनक्सने काय करावं? रिकामा झालेला क्रमांक उचलून त्याला दिला. १००६!

आठवड्याने तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘नाना, ते पांझरा नावाचं कपाट माझ्याच किल्लीने उघडतंय. आत एक आजी बोलतायत. मी पूर्ण ऐकलं नाही.’

मी उठून बघितलं. खरंच, चौदाही फाइलींवर मालक म्हणून बुराईचं नाव होतं. तो त्या ऐकू शकत होता, बदलू शकत होता, एका बोटाने पुसूही शकत होता. आणि जिच्या आजी त्या, तिला आत शिरायला खातंच उरलं नव्हतं. त्या पोराने विचारलं नसतं तर? आम्ही त्या आवाजांची दुसरी प्रत कुठेही ठेवलेली नव्हती.

इथे मला आमच्याच तालुक्यातलं टेंभली गाव आठवलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक या टेंभलीत दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी आले होते. त्या वेळी लोक या योजनेला ‘यूआयडी’ म्हणत. आणि लिनक्समध्ये खात्याच्या क्रमांकालाही यूआयडीच म्हणतात! तिथला ‘यू’ युनिकचा, इथला यूजरचा, एवढाच फरक. पण नाही, आणखी एक मोठा फरक आहे. २०१६ च्या आधार कायद्यात चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की एकाला दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. लिनक्सवर असा कायदा नाही. तो आपण पाळायचा.

मी नाशिकला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिने विचारलं, ‘चौदाही आहेत ना?’ आहेत म्हटल्यावर थोड्या वेळाने म्हणाली, ‘ऐकू द्या सगळ्यांना. पण नाना, कुणाला बदलू देऊ नका. आणि सगळ्यांना म्हणजे आपल्या मुलांना. बाहेरच्या कुणालाही नको.’

आता तुम्ही सांगा, हे संगणकाला कसं समजवायचं? मालकिणीला सगळं करता यावं. आपल्या मुलांना ऐकता यावं, पण हात लावता येऊ नये. बाकीच्यांना दारही दिसू नये. युनिक्सवाल्यांनी याची सोय कधीचीच करून ठेवली आहे. प्रत्येक फाइलवर तीन जणांचा विचार लिहिलेला असतो: मालक, गट आणि इतर. या तिघांपैकी प्रत्येकाला वाचणं, लिहिणं आणि चालवणं यांची परवानगी वेगवेगळी द्यायची. वाचण्याचे गुण ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. बेरीज करा. मालकिणीला वाचणं-लिहिणं म्हणजे ६, गटाला नुसतं वाचणं म्हणजे ४, इतरांना शून्य. झाला आकडा तयार: ६४०. फोल्डरला मात्र ७५०, कारण फोल्डरच्या बाबतीत तो ‘१’ म्हणजे उंबरा ओलांडायची परवानगी असते.

पण गट म्हणजे कोण? ती यादी आपण करायची. आधी मी बुराईचा क्रमांक बदलून १०१५ केला आणि पांझराचं खातं मुद्दाम १००६ हाच क्रमांक देऊन पुन्हा काढलं. लगेच चौदा फाइलींवर तिचं नाव उमटलं. एकाही फाइलला हात लावावा लागला नाही. मग ‘संगम’ नावाचा नवा गट केला. तिचा ‘आजी’ नावाचा फोल्डर सगळ्यांच्या जागेत हलवला आणि तो संगम गटाच्या नावे केला. आता कोणाला ऐकू द्यायचं, तर त्याला संगमचा सभासद करायचं. चौदा फाइलींवर प्रत्येकी अकरा नावं लिहीत बसायला नको. कुणी आलं, कुणी गेलं, तर एका यादीतली एक ओळ बदलायची.

ही यादी तुम्ही वाचूही शकता. लिनक्समध्ये ‘ईटीसी’ नावाचा फोल्डर असतो (म्हणजे चक्क ‘इत्यादी’!). त्यात ‘ग्रुप’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. आमच्याकडे त्यात अशी ओळ आहे:

संगम:एक्स:१०२०:पांझरा,तापी,गोमाई,बुराई

गटाचं नाव, मग गटाच्या पासवर्डची जागा (ती कुणी सहसा वापरत नाही), मग गटाचा क्रमांक, मग सभासद. आपल्या गावातल्या भजनी मंडळाच्या वहीसारखीच वही.

एकाच माणसाला अनेक गटांत राहता येतं. पण त्यातला एक असतो पहिला, मुख्य. तो खात्याच्या जन्माबरोबरच मिळतो आणि बहुतेक ठिकाणी खात्याच्याच नावाचा असतो. तापी या खात्याचा मुख्य गट तापी. ते झालं आडनाव म्हणा. बाकीचे गट म्हणजे मंडळं: त्यांत आपण नंतर जातो, निघतोही. आमची तापी ‘चित्र’ गटात आहे, भित्तिपत्रकाच्या ‘अंक’ गटात आहे. गंमत म्हणजे पूर्वी युनिक्समध्ये एका वेळी एकाच गटाचं होऊन राहता येई. दुसऱ्याचं काम करायचं तर आज्ञा देऊन गट बदलावा लागे. एका वेळी अनेक गटांचं असण्याची सोय बर्कले विद्यापीठातल्या मंडळींनी १९८३ मध्ये केली. लिनक्सने तर २००४ पासून एकाला ६५,५३६ गटांपर्यंत मुभा दिली आहे. एवढ्या मंडळांच्या वर्गण्या भरायच्या म्हणजे कठीणच!

आता यादीत नाव घालायची आज्ञा बघा, कारण तिच्यातच एक मोठा खड्डा आहे:

सुडो यूजरमॉड -एजी संगम बुराई

‘सुडो’ म्हणजे घटकाभर रूटचा अधिकार मागणं. ‘यूजरमॉड’ म्हणजे वापरकर्त्यात बदल कर. ‘जी’ मोठ्या लिपीतला. त्याने मंडळांची यादी ठरते. छोट्या लिपीतला ‘जी’ दिलात तर मुख्य गट, म्हणजे आडनावच, बदलेल. आणि ‘ए’? ‘ए’ म्हणजे ‘भर घाल’. आधीचं आहे तसं राहू दे, त्यात हेही जोड. तो ‘ए’ विसरलात तर लिनक्स काय समजतं, माहीत आहे? ‘आजपासून हा माणूस फक्त याच मंडळात. बाकीच्यांतून नाव काढ.’ आणि काढतंही. ‘नक्की ना?’ असं विचारत नाही.

तापीला संगममध्ये घेताना आमच्या त्या घाईच्या दादाने नेमका ‘ए’ गाळला. तापी त्या वेळी समोर बसून चित्रच काढत होती. तिचं काम चालूच राहिलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी आली तर ‘चित्र’ फोल्डर बंद, ‘अंक’ बंद. ती रडली नाही, ओठ घट्ट मिटून उभी राहिली. मग म्हणाली, ‘मला काढलं का? सांगितलं असतं तरी चाललं असतं.’

मला तिचं ते वाक्य फार लागलं. आपल्याला वाटतं, एका यंत्रातली एक ओळ. पण यादीतून नाव गेलं, की माणसाला ते यंत्राने केलं असं वाटत नाही, माणसांनी केलं असं वाटतं. दादा बिचारा कान धरून उभा राहिला आणि तिचे दोन्ही गट लगेच परत जोडले. तरीही फोल्डर उघडेना! तेव्हा मी सगळ्यांना ते गुपित सांगितलं, जे मोठेमोठे लोकही विसरतात.

तुम्ही संगणकावर नाव आणि पासवर्ड देऊन आत येता, त्या क्षणी लिनक्स वही उघडतं, तुम्ही कोणकोणत्या गटात आहात ते बघतं आणि तेवढ्या किल्ल्यांचा जुडगा तुमच्या हातात देतं. बस्स. त्यानंतर तुम्ही आत असेपर्यंत ते पुन्हा वही बघत नाही. म्हणून नवीन गटात घेतलं तरी बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं, तेव्हा नवी किल्ली मिळते. आणि उलटंही खरं: यादीतून काढलेला माणूस आत बसलेला असेल, तर जुनी किल्ली त्याच्या हातात तशीच असते. तापीचं काल चाललं आणि आज अडलं, ते यामुळेच. ती बाहेर पडून पुन्हा आत आली आणि तिची चित्रं तिला मिळाली.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर ‘ग्रुप्स’ एवढी एकच आज्ञा देऊन बघा. तुमच्या जुडग्यातल्या किल्ल्यांची नावं दिसतील. पण थांबा, तिथेही पेच आहे. नुसतं ‘ग्रुप्स’ म्हटलं, तर ते हातातल्या किल्ल्या सांगतं. ‘ग्रुप्स तापी’ असं नाव देऊन म्हटलं, तर ते वहीत बघून सांगतं. दोन उत्तरं वेगळी आली, तर समजा की वही बदलली आहे आणि तुम्ही अजून बाहेर पडून आत आलेले नाही. ‘सुडो’ नावाचा गट त्यात दिसला, तर उबंटूसारख्या लिनक्सवर तुम्ही रूटचे अधिकार वापरू शकता. आमच्याकडे त्या गटात आम्ही दोघंच आहोत, मी आणि तो दादा. हो, त्याला काढलं नाही. एखाद्याचं नाव काढायचं असेल तर आज्ञा आहे ‘सुडो जीपासडब्ल्यूडी -डी बुराई संगम’. ही बरी, कारण ती फक्त एकाच गटातून एकच नाव काढते, इकडेतिकडे बघत नाही.

भित्तिपत्रकाच्या ‘अंक’ फोल्डरची व्यवस्था मात्र वेगळी ठेवली आहे. तिथे सगळ्यांनी लिहायचं असतं. एक अडचण अशी, की गोमाईने नवी फाइल केली तर ती गोमाईच्या आडनावाच्या गटाची होते, अंक गटाची नाही. मग इतरांना तिच्यात लिहिता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे फोल्डरच्या आकड्यापुढे एक २ लावायचा: २७७०. त्या २ मुळे आत जन्मणारी प्रत्येक फाइल फोल्डरचाच गट घेते. गटाला लिहायची परवानगी त्या फाइलवर असली, की काम झालं.

एक कोडं सोडवा बघू. एखाद्या फाइलचा आकडा ०६० आहे: मालकाला शून्य, गटाला वाचणं-लिहिणं, इतरांना शून्य. मालक स्वतः त्या गटाचाही सभासद आहे. त्याला ती फाइल वाचता येईल का? आमच्या सगळ्या नद्या म्हणाल्या, येईल. लिनक्स म्हणतं, नाही! ते आधी विचारतं ‘तू मालक का?’ हो म्हटलं की मालकाची परवानगी बघतं आणि तिथेच थांबतं. गटापर्यंत जातच नाही. (मालक परवानगी बदलून घेऊ शकतो, ते निराळं.)

गाव सोडून जाणाऱ्यांची खाती आता आम्ही पुसत नाही, कुलूप लावतो. ‘यूजरमॉड’ला मोठ्या लिपीतला ‘एल’ दिला की पासवर्ड चालेनासा होतो, पण क्रमांक त्याच माणसाच्या नावे राहतो. आणि ‘आजी’ फोल्डरची एक प्रत आता पेन ड्राइव्हवर, वाचनालयाच्या लोखंडी कपाटात आहे.

दिवाळीच्या सुट्टीत पांझरा आली. मी कुलूप काढून दिलं. ती बसली, ‘ग्रुप्स’ टाइप केलं आणि उत्तर आलं: ‘पांझरा संगम’. मग तिने बुराईला शेजारी बसवलं आणि दोघांनी चौदाही तुकडे ओळीने ऐकले. बुराईच्या घरीही गुजरीच बोलतात. पांझराला न कळलेले काही शब्द त्याने तिथल्या तिथे सांगितले, काही घरी आजीला विचारून येतो म्हणाला. आता त्याची मागणी आहे, की शब्दांचे अर्थ लिहिलेली फाइल ‘आजी’ फोल्डरमध्येच ठेवू द्यावी. संगमला तिथे लिहायची परवानगी नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. मी म्हटलं, मालकीण ती, तिला विचार. त्याने पत्र लिहून नाशिकला पाठवलंय. तोवर अर्थांची फाइल ‘अंक’मध्ये आहे, आणि तिच्यात तापीने टरबुजाच्या वेलाचं एक चित्र घालून ठेवलंय.